टाकी उतरवण्यापूर्वी

मोटारसायकलचा एअर फिल्टर साफ करावयाचा असो वा वायरिंग तपासावयाचे असो, पुष्कळ गाड्यांत आधी पेट्रोलची टाकी उतरवावी लागते. टाकीचे बोल्ट काढणे सोपे असते. खरी काळजी घ्यावी लागते ती टाकीला जोडलेल्या पाइपाची. जाणता मेकॅनिक तो सोडवताना एक ठरावीक क्रम पाळतो. त्या क्रमामागे आपण वर्गात शिकतो तेच पदार्थविज्ञान आहे.

प्रथम पेट्रोलचा स्वभाव पाहू. ठिणगीने पेट घेण्याइतकी वाफ निर्माण होण्यास रॉकेलला निदान ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते. पेट्रोलला मात्र उणे ४० अंशांच्या आसपासही ते साधते. म्हणजे आपल्याकडे बारा महिने पेट्रोलवर ज्वालाग्राही वाफ असतेच. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने वर न जाता जमिनीलगत पसरते. हवेत तिचे प्रमाण सुमारे १.४ टक्के झाले की मिश्रण पेट घेऊ शकते.

आता थोडा हिशेब करू. अर्धा कप, म्हणजे ५० घनसेंटिमीटर पेट्रोल सांडले, तर त्याची सुमारे ९ लिटर वाफ होते. ती ६०० लिटरांहून अधिक हवा, म्हणजे तीन मोठी पिंपे भरतील एवढी हवा, ज्वालाग्राही करू शकते! म्हणून हे काम मोकळ्या जागी, इंजिन थंड झाल्यावर आणि बॅटरीची ऋण तार काढूनच करावे. जवळ शेगडी, देवघरातला दिवा किंवा विडी असता कामा नये.

कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली येते. ३० सेंटिमीटर उंचीच्या पेट्रोलचा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम २ टक्के भरतो. येथे प्रथम टाकीखालचा कॉक बंद करावा. ‘रिझर्व्ह’ म्हणजे बंद नव्हे, हे विसरू नये. मग पाइपाखाली भांडे धरून क्लिप मागे सरकवावी आणि पाइप हलकेच पिळत ओढावा. पाइपात उरलेले थोडे पेट्रोल भांड्यात पडेल. त्यानंतरही थेंब थांबले नाहीत, तर कॉक गळत आहे असे समजावे. अशा वेळी पाइप परत बसवावा आणि आधी टाकी रिकामी करावी.

भारत स्टेज ६ हे प्रदूषणविषयक नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. त्यानंतरच्या आपल्याकडील बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटर नसतो. टाकीतला विजेचा पंप पेट्रोल इंजेक्टरकडे ढकलतो. त्याचा दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा अडीच ते तीन वातावरणांनी अधिक, म्हणजे आधीच्या उदाहरणातील दाबाच्या शंभरपटीहूनही जास्त असतो. इंजिन बंद केले तरी तो पाइपात टिकून राहतो. तसाच जोड सोडला, तर पेट्रोलचा फवारा डोळ्यांत किंवा गरम इंजिनावर उडेल.

म्हणून येथे क्रम बदलतो. आधी पंपाच्या वायरचा जोड काढून इंजिन चालू करतात. पंप बंद असल्याने पाइपातला दाब उतरतो आणि इंजिन आपोआप थांबते. मग चावी काढून इंजिन थंड होऊ देतात, बॅटरीची तार सोडवतात आणि जोडाभोवती फडके गुंडाळून तो उघडतात. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण थोडा दाब तरीही उरलेला असू शकतो. विद्यार्थ्यांनी हे काम जाणकाराच्या हातून होताना पाहावे, एकट्याने करू नये.

एक प्रयोग मात्र तुम्ही घरी करू शकता, पण तो पाण्याने. प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाशी बारीक भोक पाडा, पाणी भरा आणि झाकण घट्ट लावा. धार लवकरच थांबेल. झाकण सैल करताच ती पुन्हा सुरू होईल. टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र बुजले, तर तेथेही हेच घडते. म्हणून पाइपातून पेट्रोल येईनासे झाले, एवढ्यावरून टाकी रिकामी झाली असे कधीही समजू नये.