गजाआडचं मत

निवडणूक आली की हॉस्टेलवर एकच चर्चा असते. मतदानाला गावी कोण जाणार आणि सुट्टी मिळाली म्हणून ताणून कोण देणार! पण मतदार यादीत नाव असूनही ज्यांना मत देताच येत नाही, असेही लोक आहेत. ते म्हणजे तुरुंगातले कैदी.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२(५) सांगतं, की जो तुरुंगात किंवा पोलिसांच्या कोठडीत आहे त्याने मतदान करायचं नाही. शिक्षा झालीय की नुसताच खटला चालू आहे, गुन्हा खुनाचा की पाकीटमारीचा, कायदा काही विचारत नाही. मतदानाच्या दिवशी माणूस आत आहे की बाहेर, एवढंच तो बघतो.

खरी गोम इथेच आहे. समजा, आसनगावच्या दोघांवर एकाच मारामारीची केस झाली. जामीन दोघांनाही मंजूर झाला. एकाला जामीनदार मिळाला, तो घरी आला. दुसऱ्याकडे ना पैसे, ना जामीन राहणारं कोणी. तो कल्याणच्या आधारवाडी जेलमध्येच. मग पहिला शहापूर मतदारसंघात बोटाला शाई लावून येणार, दुसरा नाही. गुन्हा अजून कोणाचाच सिद्ध नाही. उलट शिक्षा झालेला, पण अपिलात जामिनावर सुटलेला माणूस खुशाल मत देतो! २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार कैदी होते. त्यातले चारपैकी तीन कच्चे कैदी, म्हणजे खटला न संपलेले.

मोठ्यांचीही यातून सुटका नाही. जून २०२२ मध्ये राज्यसभा आणि विधान परिषदेच्या निवडणुकांत एकेका मताला किंमत होती, तरी कोठडीत असलेले आमदार अनिल देशमुख आणि नवाब मलिक यांना कोर्टाने मतदानाला जाऊ दिलं नाही.

गंमत पुढे आहे. आतून मत देता येत नाही, पण निवडणूक लढवता येते. जॉर्ज फर्नांडिस १९७७ साली तुरुंगातूनच मुझफ्फरपूरला निवडून आले. २०२४ मध्ये तिहारमधून इंजिनिअर रशीद बारामुल्लाचे खासदार झाले. (हो, इंजिनिअरच!)

सुप्रीम कोर्टाने १९९७ साली हे कलम वैध ठरवलं. कारणं दिली ती अशी, की स्वतःच्या वागण्यामुळे आत गेलेल्याने बाहेरच्यांची बरोबरी मागू नये, आणि एवढ्या कैद्यांच्या मतदानाला पोलीस बंदोबस्त कुठून आणायचा? बंदोबस्ताचं कारण मला तरी पटत नाही. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत ठेवलेल्यांना आपल्याकडे टपालाने मत देता येतंच. तेच पाकीट कच्च्या कैद्यापर्यंत न्यायला कितीसा बंदोबस्त लागणार? दक्षिण आफ्रिकेत तर १९९९ साली तिथल्या घटनात्मक न्यायालयानेच कैद्यांच्या मतदानाची सोय करायला लावली.

एक गोष्ट मात्र गावाकडे जरूर सांगा. तुरुंगात गेल्यामुळे यादीतलं नाव जात नाही. २०१३ च्या दुरुस्तीने ते स्पष्ट झालंय. जामिनावर सुटून आलेला कोणी "आता माझं मत गेलं" म्हणत असेल, तर त्याला यादीत नाव बघून ओळखपत्रासह केंद्रावर जायला सांगा.