विश्लेषण : इलेक्ट्रिक मोटारीत जळका वास येतोय? दुखणे नेमके कुठे?

पेट्रोल-डिझेल मोटारीतला जळका वास चालकांच्या ओळखीचा असतो. घाटात क्लच जळतो, गळालेले ऑइल तापलेल्या सायलेन्सरवर पडते. इलेक्ट्रिक मोटारीत ना क्लच असतो, ना इंजिन ऑइल. त्यामुळे वास आला की पहिला संशय बॅटरीवर जातो. मात्र अशा वासाची बरीच कारणे बॅटरीपासून दूर, ब्रेकमध्ये, एसीच्या ब्लोअरमध्ये किंवा घरातल्या प्लगमध्ये असतात. वास कुठून येतो हे बंद केबिनमध्ये कळणे कठीण असते. तो केव्हा येतो, हे मात्र चालकाला सांगता येते आणि निदानाची सुरुवात तिथूनच होते.

घाट उतरताना वास का येतो?

इलेक्ट्रिक मोटार वेग कमी करताना मोटरलाच जनरेटर बनवते आणि वीज बॅटरीत परत पाठवते. यालाच रीजनरेशन म्हणतात. यामुळे ब्रेक पॅड कमी झिजतात. पण बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ही वीज ठेवायला जागाच उरत नाही. महाबळेश्वरला रात्रभर १०० टक्के चार्जिंग करून सकाळी पसरणी घाटातून वाईकडे उतरणाऱ्या मोटारीत नेमके हेच होते. रीजनरेशन कमी पडते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तापलेल्या पॅडचा उग्र वास खाली पोहोचेपर्यंत जाणवत राहतो. घाटमाथ्यावर मुक्काम असेल तर चार्जिंग ८०-८५ टक्क्यांवर थांबवणे हा यावरचा सोपा उपाय.

सपाट रस्त्यावरही वास येत असेल आणि एकच चाक जास्त तापत असेल, तर प्रकरण वेगळे. ब्रेक कमी वापरले गेल्याने, विशेषतः पावसाळ्यात, कॅलिपर गंजून अडकू शकतो आणि पॅड डिस्कला घासत राहतो. चाकाला हात लावून पाहू नये, चटका बसतो. जवळ हात नेला तरी फरक कळतो.

एसी सुरू केल्यावरच वास येत असेल तर?

मग ब्लोअर मोटर, तिचे कनेक्टर किंवा केबिन फिल्टरकडे पाहावे. थंडीत पहिल्यांदा हीटर लावल्यावर साचलेली धूळ जळाल्याचा वास येऊन काही मिनिटांत जात असेल, तर काळजीचे कारण नाही. तापलेल्या प्लास्टिकचा, कधी चक्क मासळीसारखा वास येत असेल, तर ते वायरिंग किंवा कनेक्टर तापल्याचे लक्षण असू शकते. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या मोटारीत उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतात, हेही विसरू नये. एअर फ्रेशनर लावून असा वास झाकणे म्हणजे दुखणे लपवणे.

चार्जिंगवेळचा वास अधिक गंभीर का?

घरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर चालणारा ३.३ किलोवॅटचा पोर्टेबल चार्जर २३० व्होल्टला साधारण १४ अँपिअर वीज ओढतो, तीही सलग कित्येक तास. गीझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो, चार्जर नाही. सॉकेटमधली पकड सैल होऊन तिथे अवघा ०.१ ओहम रोध निर्माण झाला, तरी त्या एका बिंदूवर जवळपास २० वॅट उष्णता तयार होते. लहान सोल्डरिंग गन साधारण २५ वॅटची असते, यावरून कल्पना यावी. पिन काळी पडते, प्लास्टिक मऊ होते आणि वास येऊ लागतो.

अनेकांचा भरवसा असतो एमसीबीवर. पण वीज मर्यादेपेक्षा जास्त वाहिली तरच एमसीबी पडतो. सैल जोडात वीज वाढत नाही, फक्त उष्णता वाढते, म्हणून एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. अशा वेळी नाकच आधी इशारा देते.

वास आल्यास तापलेला प्लग ओढण्याऐवजी आधी मेन स्विच बंद करावा. एक्स्टेन्शन बोर्डवर चार्जिंग करूच नये. मीटरपासून स्वतंत्र वायर, चांगले अर्थिंग आणि आरसीसीबी यांचा खर्च टाळण्यासारखा नाही.

बॅटरीचा वास ओळखायचा कसा?

लिथियम-आयन सेलमधून वायू बाहेर पडू लागला की येणारा वास जळक्यापेक्षा गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनरसारखा असतो. सोबत मोटारीखालून पांढरी वाफ, फुसफुस किंवा फटफट आवाज आणि डॅशबोर्डवर बॅटरीचा इशारा दिसू शकतो. पाण्यात बुडालेली किंवा खालून दगडाचा मार बसलेली मोटार असेल तर हा संशय बळावतो. अशी मोटार तपासणीपूर्वी चार्जिंगला लावू नये.

या वेळी निदान करत बसू नये. मोटार बाजूला घेऊन सर्वांनी उतरावे, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला लांब जावे, कारण या धुरात विषारी हायड्रोजन फ्लोराइड असू शकतो. बॉनेट उघडू नये, नारिंगी रंगाच्या उच्चदाब केबलना हात लावू नये. १०१ किंवा ११२ वर कळवताना मोटार इलेक्ट्रिक असल्याचे आवर्जून सांगावे.

नियम काय सांगतात?

२०२२ मध्ये पुण्यासह काही ठिकाणी इलेक्ट्रिक स्कूटरना आगी लागल्यानंतर केंद्राने बॅटरी सुरक्षेचे निकष कडक केले. दुचाकी-तीनचाकींसाठी एआयएस-१५६ आणि मोटारींसाठी एआयएस-०३८ या मानकांतील दुरुस्त्या १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. सेल, बॅटरी व्यवस्थापन प्रणाली, चार्जर आणि एका सेलची उष्णता इतरांत पसरणे, हे सारे त्यात येते.

सेवा केंद्रात काय विचारावे?

‘वास येतो’ एवढेच सांगितले तर मोटार धुऊन परत मिळण्याची शक्यता अधिक. वासाची वेळ, त्या वेळची चार्जची टक्केवारी आणि एसी चालू होता की बंद, हे लिहून द्यावे. सेलमधील व्होल्टेजचा फरक, इन्सुलेशन रोधाची चाचणी आणि साठवलेले फॉल्ट कोड यांची लेखी नोंद मागावी. बॅटरीवर संशय असलेली मोटार टोइंगनेच न्यावी आणि तिथेही ती इतर वाहनांपासून दूर, उघड्यावर ठेवायला सांगावे. विझलेली बॅटरी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पुन्हा पेटू शकते.