१६६वी मुलगी आणि मिसिंगचं टेबल

पोलीस ठाण्यात हरवलेल्या माणसाची तक्रार लिहून घेताना पहिला प्रश्न असतो, फोटो आहे का? आणि आईने मोबाइल पुढे केला की लगेच दुसरं वाक्य येतं, "ताई, हा नको. फिल्टर नसलेला दाखवा."

अंधेरी ते बोरिवली या पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्यात मिसिंगच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून मी हे काम पाहिलं. तिथे आलेल्या माणसांची ओळख उघड होऊ नये म्हणून ठाण्याचं नाव लिहीत नाही. टेबल एका महिला हवालदाराकडे होतं. समोर बसलेली आई एकामागून एक फोटो सरकवत होती आणि प्रत्येकात मुलीचे गाल गुलाबी, डोळे मोठे आणि रंग होता त्याहून उजळ. शेवटी शाळेच्या ओळखपत्रावरचा, दोन वर्षांपूर्वीचा फोटो निघाला. हवालदारबाईंनी तोच घेतला. मग वर्णनाचे रकाने सुरू झाले: उंची, रंग, बांधा, चेहरा गोल की उभट, केस, भाषा कोणत्या बोलते, अंगावर तीळ, व्रण, गोंदण. आईला मुलीची उंची सांगता येईना. बाईंनी तिला उभं केलं आणि विचारलं, "तुमच्या कुठपर्यंत येते?" आईने हात खांद्याला लावला. त्यावरून अंदाजाने आकडा लिहिला गेला.

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो कपड्यांवर आणि चपलांवर. केस मोकळे होते की क्लिप, दप्तराचा रंग कोणता, पायात सँडल होती की स्लिपर. याचं कारण पुढे फुटेज बघताना कळलं. दुकानांचे कॅमेरे छताजवळ लावलेले असतात. त्यात चेहरा क्वचितच नीट दिसतो. दिसते ती डोक्यावरची भांगरेषा, पाठीवरची पिशवी, पावलं आणि चालण्याची ढब. शोधणारा माणूस पडद्यावर चेहरा शोधत नसतो, लाल पट्ट्याची बॅग शोधत असतो. आईने बॅगेचा रंग चुकीचा सांगितला, तर तीच मुलगी डोळ्यांसमोरून निघून जाते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

मुलगी अठरा वर्षांखालची, म्हणून गुन्हा दाखल झाला. अठरा पूर्ण झालेला माणूस हरवला तर ती मनुष्य मिसिंग रजिस्टरमधली नोंद असते. अल्पवयीन असेल तर सरळ अपहरणाचा गुन्हा. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३६३ लागायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १३७ (२) लागतं. फिर्यादीत "अज्ञात इसमाने अज्ञात कारणाकरिता कायदेशीर रखवालीतून" अशी ठरलेली शब्दरचना येते. ती ऐकून आई दचकली आणि म्हणाली, "पळवलंय कोणी असं मी म्हटलंच नाही." बाईंनी तिला समजावलं की लहान मूल सापडत नसेल, तर कोणीतरी नेलं असं धरूनच चालायचं. 'बचपन बचाओ आंदोलन'च्या याचिकेवर १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हाच आदेश दिला. त्याआधी देशभर हरवलेल्या मुलांच्या तक्रारी नुसत्या डायरीत नोंदवून ठेवल्या जात आणि नोंद म्हणजे तपास नव्हे. चार महिन्यांत मूल मिळालं नाही, तर प्रकरण मानवी तस्करीविरोधी पथकाकडे जायला हवं, असंही त्यात आहे.

पहिले काही तास फोनचे असतात. वायरलेसवर संदेश जातो. शेजारची ठाणी, अंधेरी आणि बोरिवलीचे रेल्वे पोलीस, मध्य रेल्वेच्या बाजूला कुर्ला. कूपर, भगवती, राजावाडी या रुग्णालयांत विचारणा होते, आधी अपघात विभागात आणि मग, आवाज थोडा खाली घेऊन, शवागारात. डोंगरी आणि मानखुर्दच्या बालगृहांत. मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर. हे फोन करणारा शिपाई दर वेळी तेच वर्णन, त्याच क्रमाने, पुन्हा वाचून दाखवतो. पलीकडचा माणूस 'नाही' म्हणाला की त्याचं नाव आणि वेळ लिहून घेतो. हे नाव लिहून घेणं मला फार मोलाचं वाटलं. उद्या 'आम्हाला कोणी विचारलंच नव्हतं' असं म्हणायला जागा राहत नाही.

मग पायपीट. मुंबईत २०१६ पासून रस्त्यांवर सरकारी कॅमेऱ्यांचं जाळं आहे, पण गल्लीतला माग निघतो तो किराणा दुकान, मेडिकल, सोसायटीचं गेट आणि एटीएम यांच्या कॅमेऱ्यांतून. मी ज्या शिपायासोबत फिरले, तो प्रत्येक दुकानात शिरल्यावर आधी पडद्यावरचं घड्याळ बघे, मग स्वतःच्या मोबाइलवरचं, आणि फरक वहीत लिहून घेई. कुठलंच घड्याळ बरोबर नसतं. कुठे काही मिनिटं पुढे, कुठे तासभर मागे, आणि एका ठिकाणी तर तारीखच भलत्या वर्षातली. हा फरक नोंदवला नाही तर मुलगी चार वाजता दुकानासमोरून गेली आणि पावणेचारला पुढच्या चौकात पोचली असा अशक्य हिशेब होतो आणि माग तुटतो. शिवाय दुकानाच्या यंत्रात जागा मोजकी असते. काही दिवसांनी जुनं चित्रण आपोआप पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं. म्हणून तक्रार उशिरा आली किंवा हद्दीच्या वादात दोन दिवस गेले, तर नुसता वेळ जात नाही, पुरावाही जातो.

फुटेज मिळालं तरी काम संपत नाही. ते कोर्टात टिकावं लागतं. इथे मला कांजूरमार्गचं प्रकरण आठवल्याशिवाय राहत नाही. ५ जानेवारी २०१४ च्या पहाटे २३ वर्षांची एक सॉफ्टवेअर अभियंता आंध्रातून सुट्टी संपवून लोकमान्य टिळक टर्मिनसला उतरली आणि नाहीशी झाली. घरच्यांची तक्रार अर्थात मिसिंगचीच होती. १६ जानेवारीला पूर्व द्रुतगती मार्गालगत, कांजूरमार्गजवळच्या झुडपांत तिचा मृतदेह मिळाला. टर्मिनसच्या कॅमेऱ्यात ती एका पुरुषाबरोबर चालताना दिसत होती. मार्चमध्ये एकाला अटक झाली. २०१५ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्याला फाशी सुनावली, २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २८ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. पुराव्याच्या साखळीत अनेक कड्या कच्च्या निघाल्या. त्यांतली एक म्हणजे त्या सीसीटीव्ही चित्रणासोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब खालचं प्रमाणपत्र नव्हतं, म्हणून ते चित्रण पुरावा म्हणून धरताच आलं नाही. अकरा वर्षांनी एक माणूस फाशीच्या छायेतून बाहेर आला आणि त्या मुलीला कोणी मारलं, या प्रश्नाला कायद्याच्या दप्तरात आज उत्तर नाही. मला दोन्ही गोष्टींचा सारखाच संताप येतो.

हे प्रमाणपत्र म्हणजे, चित्रण कोणत्या यंत्रातून, कोणाच्या ताब्यात असताना, कसं उतरवलं, हे यंत्र सांभाळणाऱ्याने लिहून सही केलेला कागद. तो लागतोच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पक्कं केलं आणि तो निकाल आपल्या जालन्याच्या निवडणुकीवरून झाला. अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यातल्या २०१४ च्या विधानसभा लढतीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला की उशिरा, हा वाद होता आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या चित्रणाचा. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये त्या कागदाला ठरावीक नमुना आहे, त्यात फाइलचा हॅश, म्हणजे तिची डिजिटल ओळखखूण, नोंदवावा लागतो. मी पाहिलेल्या शिपायाने मेडिकलवाल्याला तो नमुना दिला तेव्हा मेडिकलवाला घाबरला. "साहेब, मला कोर्टात खेचणार का?" शिपायाने गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसून त्याला एकेक रकाना समजावून सांगितला. चित्रण पेनड्राइव्हवर उतरवायला लागला त्याच्या दुप्पट वेळ त्या एका सहीला लागला. गुन्ह्यांच्या गोष्टी आपण आवडीने वाचतो, ऐकतो, त्यावर मालिका बघतो. त्यांत हे स्टूल, हा नमुना आणि ही सही कधी येत नाही. माझ्या मते खटला इथेच उभा राहतो किंवा पडतो.

सगळं करूनही काही हाती लागलं नाही, तर गुन्ह्याला शेवटी 'अ समरी' मागितली जाते. गुन्हा घडला हे खरं, पण आरोपी मिळाला नाही. पुढे धागा मिळाला तर तपास पुन्हा उघडता येतो. कायद्यात तशी सोय आहे. प्रश्न असतो तो धागा धरायला त्या टेबलावर तेव्हा कोण असेल हा.

अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यात तो माणूस होता. सहायक उपनिरीक्षक राजेंद्र धोंडू भोसले. २००८ ते २०१५ या काळात त्या ठाण्याच्या हद्दीतून १६६ मुली हरवल्या. भोसले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६५ शोधून काढल्या. राहिली ती १६६वी. २२ जानेवारी २०१३ रोजी, सात वर्षांची असताना, ती शाळेच्या वाटेवरून नाहीशी झाली होती. २०१५ मध्ये भोसले निवृत्त झाले. तिचा फोटो मात्र त्यांनी खिशात ठेवला, तिच्या घरी जाणं सोडलं नाही, विचारपूस सोडली नाही. वर्तमानपत्रांनी त्यांची गोष्ट लिहिली तेव्हा ती अपुरीच होती.

४ ऑगस्ट २०२२ ला ती मुलगी आईकडे परतली. वय १६. ज्या जोडप्याकडे ती वाढली, ते तिच्या घरापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर राहत होतं. मधली काही वर्षं तिला कर्नाटकात ठेवलं होतं. पुढे ती मूल सांभाळण्याच्या कामाला लागली. तू आमची मुलगी नाहीस, असं त्या माणसाने दारूच्या नशेत तिला सांगितलं, आणि कामाच्या ठिकाणच्या एका बाईच्या मदतीने तिने इंटरनेटवर स्वतःचं नाव शोधलं. तिथे तिला २०१३ चं हरवल्याचं पत्रक मिळालं. पत्रकावर पाच फोन नंबर होते. चार लागले नाहीत. पाचवा शेजाऱ्याचा होता, तो लागला. व्हिडिओ कॉलवर आईने तिला ओळखलं. तिचे वडील मात्र काही महिन्यांपूर्वीच गेले होते.

या गोष्टीला लोक चमत्कार म्हणतात, तेव्हा मला ते पटत नाही. पत्रक कोणीतरी छापलं होतं, कोणीतरी ते इंटरनेटवर टिकेल असं टाकलं होतं, नऊ वर्षं त्या मुलीचं नाव कोणीतरी विसरू दिलं नव्हतं. आणि एका शेजाऱ्याने आपला नंबर बदलला नव्हता. पाचातले चार मेलेले नंबर ही मला या प्रकरणातली सर्वांत भयंकर गोष्ट वाटते. पाचवाही मेलेला असता, तर ती अर्ध्या किलोमीटरवर राहून हरवलेलीच राहिली असती. फाइल जिवंत ठेवायला हुशारीपेक्षा सातत्य लागतं आणि आपल्या ठाण्यांत त्याचीच वानवा आहे. टेबलावरचा माणूस बदलीवर जातो, गणपती आले की बंदोबस्ताला, निवडणुका आल्या की तिकडे. नवा येतो तो आजच्या तक्रारींपासून सुरुवात करतो. जुन्यांना वाली राहत नाही. २०१५ पासून ऑपरेशन मुस्कानच्या मोहिमांत जुन्या मिसिंग फाइली पुन्हा काढल्या जातात, ही त्यातली चांगली गोष्ट. पण मोहीम संपते, काम संपत नाही.

अशा जुन्या फाइलींचा ढीग घेऊन हवालदारबाई एका दुपारी बसल्या होत्या. प्रत्येक कुटुंबाला फोन करायचा, काही कळलं का विचारायचं, नंबर तोच आहे का बघायचं. बरेचसे नंबर बंद होते. मग पत्ते. उपनगरांत पत्त्यांचंही खरं नाही. फाइलमध्ये चाळीचं नाव आणि खोली नंबर, आणि जागेवर जावं तर झोपडपट्टी पुनर्वसनातला उंच टॉवर, नाहीतर पत्र्याच्या कुंपणामागे खोदलेला खड्डा. एका फाइलसाठी आम्ही अशाच पत्र्यापाशी जाऊन उभ्या राहिलो. वॉचमनला काही माहीत नव्हतं. बाईंनी रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीत विचारलं, गिरणीवाल्याने चाळ समितीच्या जुन्या सेक्रेटरींकडे पाठवलं. त्यांच्याकडे पात्र रहिवाशांची यादी होती आणि यादीत मुलाच्या वडिलांचं नाव, भाड्याने राहायला गेले तो पत्ता, नवा मोबाइल नंबर. बाईंनी तिथूनच फोन लावला, "दादा, पोलीस ठाण्यातून बोलतेय. घाबरू नका, वाईट बातमी नाही. नवीन काही नाही, फक्त तुमचा नंबर फाइलला लावायचाय." पलीकडून बराच वेळ कोणी बोलत राहिलं. बाई 'हो', 'हो' म्हणत ऐकत होत्या. मग त्यांनी नंबर पुन्हा एकदा आकड्यागणिक म्हणवून घेतला, जुना खोडून शेजारी नवा लिहिला, खाली तारीख घातली आणि वडिलांना सांगितलं की पुन्हा घर बदललंत तर आधी मला कळवा, मी नसले तर जी असेल तिला.