पाट्या पडतानाच गरगरायला का लागतं?

सिनेमा सुरू झाला की आधी नावं येतात. हिरो कोण, संगीत कुणाचं, कॅमेरा कुणाचा. आपण त्यांना ‘पाट्या’ म्हणतो आणि पाट्या पडत असताना निवांत खुर्च्या शोधतो. पूर्वी अमेरिकेतही असंच चालायचं. तिथल्या काही थिएटरांत तर मखमली पडदा उघडायचेसुद्धा नाहीत. नावं त्या कापडावरच पडायची आणि गोष्ट सुरू झाली की मग पडदा बाजूला! १९५५ साली मात्र एका सिनेमाच्या रिळांच्या डब्यांवर चक्क सूचना लिहून आली : पाट्यांच्या आधी पडदा उघडा. त्या पाट्या केल्या होत्या सॉल बास या ग्राफिक डिझायनरने. पहिलं नाव दिसतं तिथूनच गोष्ट सुरू व्हायला हवी, असं त्याचं ठाम मत होतं.

थरारपटात हे काम फार अवघड असतं बरं का. बघणाऱ्याच्या छातीत धडधडायला तर हवं, पण रहस्य फुटता कामा नये.

१९५८ साली आल्फ्रेड हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ आला. त्याचा नायक पोलिसातला माजी गुप्तहेर आहे. उंचावरून खाली पाहिलं की त्याला गरगरतं. ही गरगर पाट्यांत आणायची कशी? बासने ना जिना दाखवला, ना गच्ची. त्याने दाखवला एका बाईचा चेहरा, तोही तुकड्यातुकड्याने. आधी ओठ. मग इकडून तिकडे भिरभिरणारे डोळे. मग एकच डोळा, अगदी पडदाभर. सगळं लालभडक होतं, त्या डोळ्यातून सिनेमाचं नाव बाहेर येतं आणि पाठोपाठ काळ्याशार पोकळीत रंगीत भोवरे फिरायला लागतात. एक विरतो, दुसरा उमलतो.

या भोवऱ्यांमागे गणित आहे. १८५७च्या सुमारास फ्रान्समध्ये लिसाजू नावाच्या शास्त्रज्ञाने दोन नादकाट्यांना छोटे आरसे चिकटवले. एक काटा आडवा थरथरणारा, दुसरा उभा. प्रकाशाचा किरण एका आरशावरून दुसऱ्यावर आणि तिथून पडद्यावर सोडला, तर पडद्यावर सुरेख वेटोळी उमटली! आडवा झोका आणि उभा झोका एकत्र आले की अशी नक्षी तयार होते.

घरी करून बघायची आहे? एका आडव्या काठीच्या दोन टोकांना दोऱ्याची दोन टोकं बांधा. मधे इंग्रजी ‘व्ही’सारखा झोळ पडेल. त्याच्या खालच्या टोकाला आणखी एक दोरा बांधून कागदाचा शंकू लटकवा, टोकाशी बारीक भोक पाडा आणि आत कोरडी रांगोळी भरा. आता शंकू तिरका ओढून सोडा. काठीच्या दिशेने झोका जाताना ‘व्ही’ जागचा हलत नाही, फक्त खालचा दोरा झुलतो. काठीच्या आडव्या दिशेने मात्र काठीपासून खाली सगळंच झुलतं. दोरा आखूड तर झोका जलद, लांब तर संथ. काठीपासून शंकूपर्यंतच्या उंचीचा चौथा हिस्सा गाठीच्या खाली ठेवला, तर एक झोका दुसऱ्याच्या दुप्पट वेगाने होतो आणि फरशीवर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं काहीतरी उमटू लागतं. शिवाय हवेमुळे झोका हळूहळू कमी होत जातो, म्हणून प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या जरा आत पडतो. झाला की नाही भोवरा?

बासला असल्या आकृत्यांचं वेडच होतं. ‘व्हर्टिगो’साठी त्या तयार करून दिल्या जॉन व्हिटनीने. हा भलताच कल्पक माणूस. महायुद्धात विमानांवर तोफांचा नेम धरण्यासाठी हिशेब करणारी अवजड यंत्रं होती. युद्ध संपल्यावर ती भंगारात निघाली, तेव्हा त्यातलंच एक घेऊन व्हिटनीने हलती चित्रं काढणारं यंत्र बनवलं! नेमबाजीच्या यंत्राचा इतका छान उपयोग दुसऱ्या कुणी केला असेल, असं मला वाटत नाही.

पण मग आपल्याला गरगरतं का? आपण हलतोय की स्थिर आहोत हे मेंदू एकट्या डोळ्यांना विचारत नाही. कानाच्या आत तोल सांभाळणारी इवलीशी नळकांडी असतात, त्यांनाही विचारतो. पडदाभर भोवरा फिरला की डोळे म्हणतात, “आपण फिरतोय.” कान म्हणतात, “छे, आपण तर बसलोय!” या भांडणात मेंदू गोंधळतो. त्यात बर्नार्ड हर्मनचं संगीत भर घालतं. एक सुरावट वर चढत असते आणि त्याच वेळी दुसरी खाली उतरत असते. आरोह आणि अवरोह एकदमच! कानांना पाय टेकायला जागाच उरत नाही.

पुढच्याच वर्षी, १९५९ साली, ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’साठी बासने भोवरे सोडून सरळ रेषा घेतल्या. हिरव्या पडद्यावर तिरक्या रेषा येतात, उभ्या रेषा त्यांना छेदतात आणि त्यांच्यावरून नावं लिफ्टसारखी वर-खाली सरकतात. बघता बघता त्या चौकटी न्यूयॉर्कमधल्या उंच इमारतीच्या काचा होतात आणि काचांत रस्त्यावरच्या गाड्या पळताना दिसतात. मग माणसांची ही गर्दी, धावपळ! शेवटी दिग्दर्शक म्हणून हिचकॉकचं नाव येतं, आणि तेवढ्यात एक गुबगुबीत गृहस्थ लगबगीने बस पकडायला येतात. दार त्यांच्या तोंडावर बंद होतं आणि बस निघून जाते. ते गृहस्थ म्हणजे स्वतः हिचकॉक!