निवडून घेतलेल्या मुलांचे श्रेय कुणाचे?

दहावीचा निकाल लागला की पुण्याच्या पेठांत चौकाचौकांत फ्लेक्स चढतात. राज्य मंडळाने गुणवत्ता यादी जाहीर करणे केव्हाच बंद केले, तर शाळा आणि क्लासवाले आपापली यादी छापू लागले. ही हौस आजची नाही. चिपळूणकर, टिळक, नामजोशी यांनी १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल काढले, तेव्हाही शाळेचा लौकिक सांगताना मॅट्रिकच्या निकालाचा आणि जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्तीचा दाखला दिला जाई. सरकारी अनुदान न घेता उभ्या राहिलेल्या नव्या शाळेला तो दाखला हवाच होता. पण एखादी शाळा मुले आधीच चाळून, पारखून घेत असेल, तर त्याच निकालाचा अर्थ पार बदलतो. पुण्यात असे कोडे घालणारी सर्वांत ठळक शाळा म्हणजे सदाशिव पेठेतली ज्ञान प्रबोधिनी प्रशाला. तिचा परिचय तिच्या निकालावरून करून द्यायचा नाही असे ठरवले, तरच ती नीट दिसते, असे माझे म्हणणे आहे.

डॉ. विनायक विश्वनाथ ऊर्फ आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, तेव्हा तिची शाळा नव्हती. शहरातल्या वेगवेगळ्या शाळांत शिकणारी हुशार मुले शाळेच्या वेळेबाहेर इथे येत आणि पाठ्यपुस्तकात नसलेले काही वाचत, पाहत, करत. आप्पा मानसशास्त्राचे अभ्यासक. देशापुढचे प्रश्न सोडवायला बुद्धिमान माणसे हवीत आणि बुद्धीला समाजाकडे वळवणे हे शिक्षणाचे काम आहे, ही त्यांची धारणा. पूर्णवेळ प्रशाला १९६९ साली आली. प्रवेश पाचवीत, बुद्धिमापन चाचण्यांवर. मुलगे चाळीस, मुली चाळीस. ऐंशी जागांसाठी शहरभरातून मुले बसतात. म्हणजे इथे येणारे मूल कुठल्याही शाळेत गेले असते तरी बहुधा नव्वद टक्क्यांच्या पलीकडे गेलेच असते. मग ते गेले याचे श्रेय शाळेने घ्यावे की चाळणीने?

हा प्रश्न खवचट वाटेल, पण जगात तो गांभीर्याने तपासला गेला आहे. बोस्टन आणि न्यूयॉर्कमध्ये प्रवेश परीक्षेवर मुले घेणाऱ्या सरकारी शाळा आहेत. बोस्टन लॅटिन, स्टायव्हसंट ही त्यांतली दबदब्याची नावे. अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक या अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक साधी युक्ती वापरली. प्रवेशाच्या रेषेच्या किंचित वर असलेली मुले आणि किंचित खाली राहिलेली मुले यांच्यात तसा फरक नसतोच. एकाला दोन गुण जास्त पडले, एवढेच. तेव्हा या दोन गटांची पुढची वाटचाल ताडून पाहिली की शाळेची खरी भर कळते. निष्कर्ष शाळांना सुखावणारा नव्हता. पुढच्या परीक्षांतल्या गुणांत रेषेवरच्या मुलांना त्या नामांकित शाळेने फारसे काही मिळवून दिलेले दिसले नाही. बोस्टनचे निष्कर्ष सदाशिव पेठेला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे खरे. पण त्यातला इशारा लागू पडतो. निवडलेल्या मुलांचे गुण, ऑलिंपियाडची पदके, प्रज्ञाशोधाच्या शिष्यवृत्त्या हा शाळेच्या कामाचा पुरावा म्हणून मांडताना दहादा विचार करावा लागतो.

मग पाहायचे काय? ही मुले एरवीही जे करणार नव्हती, ते शाळा त्यांच्याकडून करवून घेते का, ते पाहायचे. या कसोटीवर प्रबोधिनीकडे दाखवण्यासारखे बरेच आहे, आणि त्यात मी सर्वांत वर ठेवीन तो प्रकल्प. प्रकल्प हा शब्द आता बदनाम झाला आहे. अप्पा बळवंत चौकात तयार तक्ते आणि थर्माकोलच्या प्रतिकृती विकत मिळतात. आई रात्री जागून सूर्यमाला रंगवते आणि मुलाला अंतर्गत मूल्यमापनाचे पैकीच्या पैकी गुण मिळतात. प्रबोधिनीच्या परंपरेतला प्रकल्प याच्या उलट टोकाचा आहे. विषय मुलांच्या गटाने शोधायचा, प्रश्नावली करायची, माणसांना जाऊन भेटायचे, माहिती मांडायची, अहवाल लिहायचा आणि तो इतरांसमोर सादर करून त्यांच्या प्रश्नांना तोंड द्यायचे.

यात काय घडते हे कळायला एक कल्पित उदाहरण घेऊ. आठवीच्या गटाने कसबा पेठेतली तांबट आळी हा विषय घेतला. पहिल्या प्रश्नावलीत मुले विचारणार, ‘आपला व्यवसाय संकटात आहे का?’ कारागीर हो म्हणणार आणि पुन्हा हातोडी उचलणार. त्या हो-मधून काहीच हाती लागत नाही, हे मुलांना घरी आल्यावर उमगते. दुसऱ्या फेरीत ती विचारतात की पत्रा कुठून येतो, किलोमागे घट किती धरता, एक घंगाळे मठारायला किती वेळ लागतो, मठारकाम यंत्राने का होत नाही, मुलगा धंद्यात आहे का. आता माणूस बोलू लागतो. ठोक्याशेजारी ठोका बसवत पत्रा कसा ताठ होतो ते दाखवतो, एखाद्या मुलाच्या हातात हातोडी देतो, आणि त्या मुलाचा ठोका तिरका पडून पत्र्यावर वण उमटतो. बुद्ध्यंक कितीही असो, चांगला प्रश्न विचारायला दुसऱ्याच्या कामाबद्दल आदर आणि थोडी पूर्वतयारी लागते. चाचणीत मुलाला उत्तर शोधायचे असते, इथे प्रश्न शोधायचा असतो. हुशार मुलांना नेमके हेच अवघड जाते, कारण त्यांना उत्तर पटकन देण्याची शाबासकी लहानपणापासून मिळालेली असते.

प्रकल्पाची कल्पना काही प्रबोधिनीची नव्हे. शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिक यांनी अमेरिकेत प्रकल्प पद्धतीवर लिहिले ते १९१८ साली. गांधीजींच्या नई तालीमने १९३७ मध्ये वर्ध्यात हातांच्या कामाला शिक्षणाच्या मध्यभागी आणले. प्रबोधिनीचे वेगळेपण असे की तिने ही पद्धत परीक्षेत पहिल्या येणाऱ्या मुलांवर लादली, ज्यांच्या पालकांना ती वेळेचा अपव्यय वाटण्याचा धोका सर्वांत जास्त होता.

गणेशोत्सवाचेही तेच. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत शाळकरी मुलांची ढोल-ताशा पथके रुजवण्याचे श्रेय आप्पांना दिले जाते. रमणबाग, गरवारे यांची पथकेही पुढे नावारूपाला आली. प्रबोधिनीच्या पथकात बरची आहे, मुलींचा सहभाग आहे. आज ढोलपथकांचे पेव फुटले आहे, आवाजाच्या तक्रारी आहेत, आणि त्या बहुतांशी रास्त आहेत. पण शाळेतला उपक्रम म्हणून त्याकडे बघा. एका हातात टिपरू घेऊन टोल, दुसऱ्या हाताने थापी, आणि कान सगळा वेळ ताशाकडे. पन्नास ढोलांत एकाचा टोल चुकला तरी तो ऐकू येतो. तिथे वर्गातला पहिला मुलगा बहुधा पहिला नसतो. त्याला हात शिकवतो तो गणितात मागे असलेला, वरच्या वर्गातला कुणीतरी. दरवर्षी ऐंशी हुशार मुले घेणाऱ्या शाळेत ‘मी सगळ्यात हुशार’ हा भ्रम उतरवायची सोय असावीच लागते. ढोल ती व्याख्यानापेक्षा स्वस्तात करतो.

आक्षेपांकडे वळू. एक आक्षेप रंगाचा आहे. आप्पांची संघाची पार्श्वभूमी, उपासना, आठवीतला विद्याव्रत संस्कार, राष्ट्राची सतत येणारी भाषा यांमुळे ही शाळा एका विशिष्ट वळणाची आहे, असे म्हटले जाते. ते वळण आहेच. नाकारण्यात अर्थ नाही. मात्र याच संस्थेने स्त्रियांना पौरोहित्य शिकवले, विधींचा अर्थ मराठीत सांगायचा आग्रह धरला आणि विद्याव्रत मुलामुलींना सारखेच दिले, हेही त्याच खात्यात जमा करावे लागते. तेरा वर्षांच्या मुलाने व्रत घ्यावे की नाही यावर मतभेद राहतील, आणि मला तो मतभेद मिटवण्याची घाई नाही.

दुसरा आक्षेप जास्त खोल जातो. प्रकल्प, पथक, शिबिरे, गावांतली कामे एवढी गुणकारी असतील, तर ती निवडक ऐंशी मुलांनाच का? प्रबोधिनीचे उत्तर बुद्धीच्या शास्त्रावर उभे आहे. मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांनी बुद्धी ही एकच वस्तू न मानता तिचे १२० घटक मांडले. त्या प्रतिमानावर प्रबोधिनीत डॉ. उषा खिरे यांनी भारतीय मुलांसाठी मोठे काम केले. एका आकड्यापेक्षा ही दृष्टी नक्कीच उदार आहे. पण हॉर्न आणि नॅप यांनी १९७३ साली गिलफर्ड यांच्या सांख्यिकीय पायावरच बोट ठेवले, आणि त्यानंतर ते प्रतिमान पूर्वीच्या दिमाखात उभे राहिले नाही. चाळणीच्या मर्यादेचे सर्वांत बोचरे उदाहरण तर मानसशास्त्रज्ञ टर्मन यांचे. कॅलिफोर्नियात १९२१ पासून त्यांनी चाचण्या घेऊन प्रज्ञावंत मुले निवडली आणि आयुष्यभर त्यांचा मागोवा घेतला. शॉकली आणि अल्वारेझ ही दोन मुले त्या चाचणीत मागे पडली, म्हणून गळली. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, एकाला १९५६ मध्ये, दुसऱ्याला १९६८ मध्ये. निवडलेल्यांपैकी कुणालाही ते मिळाले नाही. चाळणी निरुपयोगी आहे असे यातून ठरत नाही. पण दहाव्या वर्षी एका सकाळी दिलेल्या चाचणीवर भविष्याची मदार ठेवू नये, एवढे ठरते. शिवाय अशा चाळणीजवळ जी मुले येतात तीही आधीच पुस्तकांच्या घरातली असतात. नवोदय विद्यालयांनी १९८६ नंतर प्रवेश परीक्षा घेतली, पण निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी राखल्या. शहराच्या मध्यवस्तीतल्या शाळेला तशी मुले आपोआप मिळत नाहीत.

म्हणून माझा कौल दोन भागांत आहे. प्रबोधिनीची पद्धत भक्कम आहे. निवडीचा युक्तिवाद तिच्यापेक्षा बराच कच्चा. आणि हे संस्थेच्या स्वतःच्या वाटचालीतूनच दिसते. सदाशिव पेठेच्या बाहेर तिचे काम निगडी, सोलापूर, हराळी असे पसरले. हराळी हे धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यातले गाव. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर तिथे निवासी शाळा उभी राहिली. भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या भागात शाळा काढताना प्रश्न वेगळा होता, शेती आणि निवास यांच्याशी जोडलेला. तिथेही मुलांनी हातांनी काम करायचे, गटात विचार करायचा, समाजाकडे बघायचे, हे सूत्र टिकते. पद्धतीला चाळणी लागतेच असे नाही, याचा यापेक्षा चांगला दाखला बाहेरून आणायची गरज नाही.

उरते ती मोजमापाची गोष्ट, आणि तिथे प्रबोधिनीला इतर शाळांना नसलेली एक सोय आहे. तिच्या आवारातच मानसशास्त्राची संशोधन संस्था आहे. प्रवेश चाचणीत चाळिसावे आलेले आणि एकेचाळिसावे आलेले मूल यांच्या चाचण्यांत किती थोडे अंतर असते, हे तिच्याइतके कुणालाच ठाऊक नसणार. एक आत आले, दुसरे शहरातल्या दुसऱ्या शाळेत गेले. वीस वर्षांनी दोघांचे टक्के विचारण्यात मजा नाही. त्यांनी कुठल्या कामात हात घातला, अनोळखी माणसाला नेमका प्रश्न विचारायला ते कचरतात का, नोकरीपलीकडे वेळ कुठे देतात, हे विचारता येईल. फरक सापडला तर प्रकल्पाचे आणि पथकाचे श्रेय शाळेने खुशाल घ्यावे. सापडला नाही, तर पुढल्या वर्षी ऐंशीपैकी काही जागा चाचणीशिवाय, सोडतीने भरून बघाव्यात.