अडखळणारी मोटर

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात पावसाळ्याची दमट हवा चार महिने मुक्कामाला असते. कपाटातला खेळण्यातला रोबो त्यानंतर बाहेर काढावा, तर तो नुसता गुरगुरतो. पाय हलत नाहीत. तो टाकून देऊ नका.

त्याच्या छोट्या मोटरीत दोन चुंबकांमध्ये तांब्याच्या तारेची वेटोळी फिरतात. कम्युटेटर नावाचे तांब्याचे कडे आणि त्याला टेकलेले ब्रश योग्य क्षणी विजेची दिशा बदलतात, म्हणून फिरणे थांबत नाही. 1925 साली बोरीबंदर ते कुर्ला धावलेल्या पहिल्या विजेच्या लोकलची मोटरही याच तत्त्वावर चालत होती.

आधी सेल काढा. मोटर गिअरपासून सुटी करून दांडा बोटांनी फिरवा. तो सहज फिरला, तर दोष गिअरमध्ये: गुंडाळलेला केस, सुकलेले ग्रीस किंवा तडकलेले दातेरी चाक. दांडाच अडकत असेल, तर तो टेकतो तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडा. ब्रशवर तेल जाऊ देऊ नका. त्यात धूळ चिकटते आणि वीज अडते.

अडकलेली मोटर चालू ठेवू नका. फिरणारी मोटर स्वतःच उलटा दाब निर्माण करून विजेचा प्रवाह आवरते. थांबलेल्या मोटरीत तो आवर नसतो, म्हणून तार तापून जळते.

मुलांना शेजारी बसवूनच हे काम करा. उघडलेले खेळणे हे विज्ञानाचे उत्तम पुस्तक असते.