आधी ब्रेक, मग रंग

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने लिलावात काढलेली विलीज जीप चेंबूरला आमच्या मामूंकडे अजून धावते. तिचे ६ व्होल्टचे मंद दिवे आम्ही हौसेने १२ व्होल्टचे करून घेतले; ब्रेकची जुनी रबरी नळी बदलायची मात्र राहून गेली. ईदच्या दिवशी मुले मागे बसलेली असताना अमर महल पुलाच्या उतारावर ती फुटली. त्या काळच्या गाड्यांत चारही चाकांना तेल एकाच कप्प्यातून जाते. एक नळी गेली की चारही ब्रेक गेले! हँडब्रेक वेगळ्या तारेवर चालतो, म्हणून अल्लाहच्या कृपेने वाचलो. आता दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवला आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून तेही दर २ वर्षांनी बदलतो. जुन्या गाडीची हौस जरूर करा. पण आधी ब्रेक, मग दिवे आणि रंग.